उसनी फुंकर

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. हिवाळ्याचा शेवटचा आठवडा, मंगळवारची सकाळ. त्या सकाळी मी पहिल्यांदा उघडलो. तोवर पाण्याने भरून, घडी घालून पडलो होतो. सुईणीने पोराला उलटं धरलं, पाठीत थाप दिली आणि हवा आत घुसली. पोर रडलं. सगळे म्हणाले, आवाज खणखणीत आहे. आवाज गळ्याचा, वारा माझा. हे तेव्हाही कुणी म्हटलं नाही, पुढेही नाही.

मी उजवं फुप्फुस बोलतोय. एका दगड कोरणाऱ्याच्या छातीतलं. मी शिकलेला नाही. माझ्या घरातल्या वस्तूंची नावं मला डॉक्टरांच्या तोंडून कळली, तीसुद्धा घर पडायला आल्यावर.

डावं फुप्फुस माझा धाकटा भाऊ. मला तीन खण, त्याला दोन. त्याची जागा हृदयाने खाल्ली. आणि कौतुक मात्र हृदयाचंच. प्रेम झालं, हृदय. दुःख झालं, हृदय. धूळ खायची वेळ आली की आम्ही.

गळ्याखाली श्वासनळी. तिला दोन फाटे. माझ्याकडे येणारा फाटा रुंद आणि सरळ, त्यामुळे चुकून आत पडलेली वस्तू बहुतेक माझ्याच पदरात पडते. चार वर्षांचा असताना या माझ्या माणसाने शर्टाचं बटण तोंडात घालून हसायला सुरुवात केली. बटण माझ्या दारात येऊन अडकलं. डॉक्टरने नळी घालून काढलं. आईने बटणाला शिव्या दिल्या. पोराला एक शब्द नाही.

फाट्यांना फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि टोकाला द्राक्षाच्या घडासारखे फुगे. कोट्यवधी. त्यांच्या भिंती कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. रक्त तिथे येतं, हवा उचलतं, मळ टाकून जातं. वरच्या नळ्यांना आतून बारीक केस आहेत. आत आलेली धूळ ते चिकट कफात धरून वर ढकलतात, आणि माणूस ती खाकरून टाकतो. ही झाडलोट चोवीस तास चालते. पण फुग्यांत हे केस नाहीत. तिथवर जे पोचलं, ते राहिलं.

विसाव्या वर्षी हा नावाचे दगड कोरण्याच्या कारखान्यात लागला. दारावरची नावं, इमारतींची नावं, मेलेल्यांची नावं. एका मेजावर दोघे. समोर जोडीदार, उंच, लांब मानेचा. सगळे त्याला बगळा म्हणत. आणि बगळा याला भाता म्हणे.

त्याचं कारण सांगतो. अक्षर कोरलं की खाचेत भुकटी बसते. ती काढायला ब्रश असतो. पण ब्रश उचला, ठेवा, पुन्हा छिन्नी घ्या, यात वेळ जातो. म्हणून फुंकर. माझा माणूस एका फुंकरीत अख्खी ओळ साफ करायचा. फुंकर मारायची म्हणजे आधी श्वास भरून घ्यायचा, आणि तो घ्यायचा दगडावर वाकून. बाहेर गेली त्याच्या दुप्पट धूळ मी आत घेत होतो आणि लोक वाहवा करत होते. मलाही अभिमान वाटायचा. खोटं का बोलू?

मेजाजवळ पाण्याचा नळ होता. दगड ओला ठेवला तर धूळ उडत नाही. पण ओल्या दगडावर पेन्सिलीची रेघ टिकत नाही, अक्षर चुकतं. म्हणून नळ बंद. तो मालकाने बंद केला नाही, या दोघांनीच केला. मालकाने फक्त पाहिलं की काम लवकर होतंय, आणि तो गप्प बसला. गप्प बसून मिळणारा फायदा त्याला कधी महाग वाटला नाही.

एक दिवस बगळा तोंडाला ओलं फडकं बांधून आला.

माझा माणूस म्हणाला, "काय रे बगळ्या, तोंड लपवायला चोरी केलीस की काय?"

"बायको म्हणते, धूळ लागते."

"बायकोच्या सांगण्यावरून अक्षर कोरणार का आता?"

सगळे हसले. बगळाही हसला. दुपारपर्यंत फडकं खिशात गेलं. तो दिवस मी विसरलेलो नाही. मी पेटलो होतो, पण माझ्याकडे बोलायला एकच वाट आहे, खोकला. मी खोकलो. माझा माणूस म्हणाला, "घशात काहीतरी गेलं."

बगळा सिगरेट ओढायचा. म्हणे, त्याने कफ सुटतो. अडाणीपणाला पण हद्द असते. सिगरेट आधी ते झाडणारे केसच मारते. माझा माणूस मात्र कधी ओढायचा नाही. एवढं एक त्याच्या बाजूने लिहा.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या तळाच्या खणात न्यूमोनिया शिरला. फुगे पुवाने भरले. माझ्याभोवती दोन पदरी आवरण आहे, तेही सुजलं. श्वास घेतला की सुरी लागल्यासारखं. तीन आठवडे अंथरूण. डॉक्टरने बजावलं, "दगडाचं काम सोडा." घरी बायको म्हणाली, "अहो, ऐका त्यांचं." हा म्हणाला, "मग काय भाजी विकू?" आणि चौथ्या आठवड्यात कामावर.

नेमकं त्याच आठवड्यात कारखान्यात श्वास मोजायचं यंत्र आलं. नळीत जोरात फुंकायचं, आकडा येतो. बातमी फुटली होती की ज्यांचा आकडा कमी त्यांना घरी पाठवणार. माझा माणूस पायरीवर बसला. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तळाचा खण अजून रिकामा झाला नव्हता.

बगळा आपली फुंकर मारून बाहेर आला. शेजारी बसला.

"तुझी टोपी दे."

"कशाला?"

"दे म्हणतो ना भात्या. डॉक्टर मान वर करत नाही. त्याला नळी दिसते, माणूस दिसत नाही."

टोपी घालून, याचं नाव सांगून बगळा पुन्हा आत गेला. एकदा फुंकून त्याला खुबी कळली होती, त्यामुळे दुसरी फुंकर पहिलीपेक्षा मोठी लागली. चार पॉइंट सहा लिटर. कारखान्यात पहिला नंबर. कागदावर माझ्या नावाने जो श्वास चढला तो माझा नव्हता. बाहेर येऊन बगळा म्हणाला, "उसनी दिलीय. व्याज नको, मुद्दल दे." आणि दोघे हसत मेजाकडे गेले.

मला अपमान वाटला. मग महिन्याभराने काम टिकलेलं पाहिलं आणि गप्प बसलो. मीही मालकासारखाच निघालो.

चार वर्षांनी बगळा आधी जिन्यावर थांबायला लागला, मग सपाट रस्त्यावर. कुणी दमा म्हणालं, कुणी क्षय. क्षयाची औषधं झाली, फरक नाही. दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर तो गेला. शेवटी शेवटी एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होता.

त्याच्या नावाचा दगड माझ्या माणसाने कोरला. बगळ्याची बायको समोर उभी होती. पहिलं अक्षर झालं. हा वाकला, श्वास भरला, फुंकर मारली. भुकटी हलली नाही. पुन्हा मारली. नाही हलली. एवढी वर्षं अख्खी ओळ उडवणारा मी, मला एक अक्षर साफ करता येईना.

"भावजी," ती म्हणाली, "ब्रश घ्या."

तिने मेजावरचा ब्रश याच्यापुढे सरकवला. तिला सगळं कळलं.

पुढे तिने भरपाईचा अर्ज केला. दगडाच्या धुळीने माणूस गेला, असं तिचं म्हणणं. सुनावणी सरकारी दवाखान्याच्या एका खोलीत, कामगार खात्याच्या साहेबांपुढे. माझ्या माणसाला साक्षीला बोलावलं. मालकाच्या वकिलाने श्वास मोजल्याचा जुना कागद काढला. "साहेब, हा त्याच मेजावरचा माणूस. तेवढीच वर्षं, तीच धूळ. याचा श्वास कारखान्यात पहिला. मग धूळ एकालाच कशी बाधली? मयत सिगरेट ओढायचा. संपला विषय." मालक खुर्चीत बसून नखं बघत होता.

साहेबांनी विचारलं, "हा आकडा तुमचाच?"

माझा माणूस म्हणाला, "कागदावर तसंच आहे."

मी आतून धडका दिल्या. खोकल्याची अशी उबळ आणली की त्याला भिंत धरावी लागली. त्याने रुमाल तोंडाला लावला आणि म्हणाला, "घशात काहीतरी गेलं." तेच वाक्य! पुढची तारीख पडली.

संध्याकाळी ती घरी आली. पाणी प्यायली नाही.

"भावजी, त्या दिवशी हे घरी हसत आले होते. म्हणाले, आज दोन माणसांचं फुंकून आलो."

याने तिचा न प्यायलेला पेला उचलून बाजूला ठेवला.

"मी ते तिथे सांगणार नाही. मी सांगितलं तर तुमचं काम जाईल आणि ते माझ्या तोंडून जाईल. ते मला नको. सांगायचं तर तुम्ही सांगा."

ती गेली. बायको याच्याकडे बघून म्हणाली, "भाजी विकायला मी येईन बरोबर."

पुढच्या तारखेला हा वकिलाच्या आधी उभा राहिला.

"साहेब, तो श्वास माझा नाही. टोपी माझी होती. फुंकर बगळ्याची. मला काढू नये म्हणून त्याने मारली."

मालक उठला. "खोटं! मेलेल्याच्या नावावर खपवतोय. उद्यापासून कामावर यायचं नाही!"

"आजपासून नाही येत," हा म्हणाला. "साहेब, यंत्र मागवा. आणि लिहून घ्या, मी जन्मात सिगरेट ओढलेली नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरने आधी आमचा फोटो काढवला आणि दिव्यासमोर धरला. माझ्या वरच्या खणात पांढऱ्या गाठी. भावाच्याही. दगडाची पूड फुग्यांत बसते, शरीर तिच्याभोवती व्रण बांधतं, व्रण आखडतो, आणि मऊ फुप्फुस दगडासारखं होतं. डॉक्टरने बगळ्याचा जुना फोटो शेजारी लावला. तशाच गाठी, त्याच जागी. वकिलाने दोन्हींकडे पाहिलं आणि कागद पिशवीत भरायला घेतले.

मग नळी आली.

"खोल श्वास घ्या. आणि असेल तेवढा बाहेर."

असेल तेवढा. ऐकताच माझ्या तळाच्या खणापर्यंत तिडीक गेली. एकोणतीस वर्षं सगळ्यांनी असेल तेवढाच घेतला होता. दगडाने, मालकाने, या माझ्या माणसाच्या तोऱ्याने. पण ही मागणी त्यांची नव्हती. मी तिन्ही खण उघडले. कुठला उघडला, कुठला कुरकुरला. खाली पडद्याचा स्नायू ताणला. भावाला म्हटलं, धर. आणि फुंकर दिली.

"एक पॉइंट आठ," डॉक्टर म्हणाला. "पुन्हा?"

"पुन्हा नाही," माझा माणूस म्हणाला. "एवढीच आहे. आणि ही माझी आहे."

साहेबांनी आकडा लिहिला. खाली बगळ्याचं नाव लिहिलं, मरणाचं कारण दगडाची धूळ असं लिहिलं, सही केली, आणि कागद त्याच्या बायकोपुढे सरकवला. तिने तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "फिटलं, भावजी."