दोन नावांची घंटा

आमच्या बेटावरची घंटा समुद्रातून आली. एउस्तोर्हियोच्या जाळ्यात ती अडकली तेव्हा शिंपल्या-पोवळ्यांनी इतकी मढलेली होती, की आधी त्याला कासवच वाटलं. जशी आली तशीच आम्ही ती देवळाबाहेरच्या बदामाला टांगली. घंटा वाजवण्याआधी तिचा बाप्तिस्मा करतात, म्हणून फादरांनी पाणी शिंपडून नाव ठेवलं कार्मेन. धर्मपिता एउस्तोर्हियो, धर्ममाता मी. त्या नात्यानं तो मला कोमाद्रे म्हणतो. रोज दिवस कलला की जपमाळ संपवून मी ती वाजवते, आणि होड्या त्या आवाजावर घरी येतात. आवाज दबलेला, ओलसर. वाटतं, खाली पाण्यात अजून कोणीतरी संध्याकाळची प्रार्थना म्हणतंय.

मग रेडिओवर भांडण सुरू झालं. जुनं बुडालेलं जहाज सापडलं होतं. स्पेन म्हणे जहाज आमचं, बोगोतातलं आपलं सरकार म्हणे समुद्र आमचा, कंपनी म्हणे शोधलं आम्ही. बुडालेल्या माणसांचं कोणी नावही काढलं नाही. मी त्यांच्यासाठी माळेचा एक फेरा वाढवला.

एका सकाळी कार्ताहेनाहून यादिरा नावाची सरकारी मुलगी आली. "मावशी, ही घंटा त्याच जहाजाची. कायद्यानं ती देशाची होते."

"होत असेल. पण मी तिची धर्ममाता आहे," मी म्हटलं. "लेकराला असं कोणाच्याही हाती देतात का?"

"देशाला म्हणावं, रीतसर मागणी घालायला ये," एउस्तोर्हियो गरजला, "आणि येताना रम आण!"

यादिरा हसली. बारीक हत्यारानं ती घंटेवरचं कवच हळूहळू टोकरत बसली. उन्हं चढली तशी अक्षरं उघडी पडली. तिनं वाचलं, "सोलेदाद. धर्ममाता इनेस."

माझ्या बोटांतली माळ थांबली. एकदा बाप्तिस्मा झाला की पुन्हा करत नाहीत. इतकी वर्षं मी दुसऱ्या बाईच्या लेकीला आपली म्हणून हाक मारत होते.

"रडू नकोस गं कोमाद्रे," एउस्तोर्हियो म्हणाला. "पाप फादरांचं. आता त्यांनीच कबुली द्यावी!"

यादिरानं बोटाला लागलेली हिरवी भुकटी दाखवली. "मीठ आत शिरलंय, मावशी. इथं राहिली तर झिजून तडकेल. गोड्या पाण्यात बुडवून ठेवावी लागेल, महिनोन्महिने."

"घ्या! तिसरा बाप्तिस्मा!" एउस्तोर्हियो म्हणाला.

मी घंटेवर हात ठेवला. गार होती. इनेस इथं असती तर काय म्हणाली असती? आजारी पोरीला घरात धरून बस, असं खचितच नाही.

"ने," मी म्हटलं. "पण दवाखान्यात नेलेलं मूल डॉक्टरचं होत नाही, पोरी. बरी झाली की मी न्यायला येणार."

"माझ्या हातात असतं तर मीच आणून सोडली असती," ती म्हणाली. खोटं वचन तिनं दिलं नाही, म्हणून मला ती आवडली.

त्या संध्याकाळी समुद्र आणि आकाश एकाच धुरकट रंगाचे झाले. एउस्तोर्हियोची होडी अजून बाहेर होती. माळ संपली आणि हात सवयीनं वर गेला. वर नुसती फांदी. मग मी किनाऱ्यावर जाऊन हाक मारली, "कार्मेन! सोलेदाद!" घराघरांतून बाया आल्या, त्याही हाका मारू लागल्या.

शेवटी मी एकटीनं हळूच म्हटलं, "इनेस."

धुक्यातून आवाज आला, "आलो गं कोमाद्रे! इकडंच आहेस ना? बोलत राहा!"