फक्त हिंदीत

"काका, एक शब्दही मराठीत नको. त्यांचा माणूस ऐकत असणार. त्याला फक्त हिंदी कळतं. मराठी ऐकलं की फोन तोडतील."

सुकन्या सहादेवच्या मुलाच्या, हर्षलच्याच बातम्यांच्या वाहिनीतली. पुण्याहून आली होती. सहादेवने मान हलवली. त्याला हिंदी कामापुरती यायची. नागापूरच्या कारखान्यात बिहारी पोरांबरोबर माल चढवताना शिकलेली. उठाव, धीरे, हात संभाल.

हर्षल कॅमेरा घेऊन परदेशातली लढाई दाखवायला गेला, आणि उन्हाळ्यात तिथल्या लष्कराने त्याला नाक्यावरून उचललं. मागोमाग इकडे मनकर्णा गेली. आई गेल्याचं हर्षलला अजून माहीत नव्हतं.

"मारत्यात का, इचारू?"

"अजिबात नको. कुठे ठेवलंय, तेही नको."

"आन आईचं?"

सुकन्याने खाली बघितलं. "तिकडे त्याला सावरायला कोणी नाही, काका. पण मुलगा तुमचा आहे. तुम्हीच ठरवा."

फोन वाजला.

"पिताजी?"

जन्मात त्याने अशी हाक मारली नव्हती. घरात 'आबा' होतं.

"हां. कैसा है रे?"

"अच्छा हूँ. यहाँ सब अच्छे लोग हैं. खाना देते हैं." ओठ सुजल्यासारखे शब्द जाड येत होते. कुणीतरी पुढ्यात धरलेलं वाचावं, तसा बोलत होता. मग थांबून म्हणाला, "माँ को दीजिए."

सहादेवने तोंड उघडलं. मर गयी, एवढी हिंदी त्याला येत होती. कारखान्यात कुत्रं मेलं तरी पोरं तेच म्हणायची. मनकर्णासाठी ते तोंडातून निघेना.

"माँ... दूध निकालने गयी."

इतक्या महिन्यांनी पोराचा फोन यायचा, आणि मनकर्णा धारा काढायला कशी जाईल? बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं, हे हर्षलला पटणार नाही.



"खाना कौन बनाता है, पिताजी?"

सहादेवला दुसरं खोटं सुचलं नाही.

"मैं."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी खेकसलं, आणि फोन तुटला.

"कट झाला, काका." सुकन्याने फोनसाठी हात पुढे केला.

"व्हय, म्हायती हाय."

त्याने फोन कानालाच धरला होता.

"हर्षल, ऐक बाबा. आई गेली रे. चुलीपाशी बसली हुती, म्हनली जरा पडते. उठलीच न्हाई. भागवतकाकानं तुझ्या जागी मडकं धरलं. मानसं लई आल्ती, रस्त्यापतूर..."

सुकन्याने हात मागे घेतला.