समीक्षा टीव्हीसारखी वागली नाही

मित्रांनो, मी आर्णीतला एक जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही आहे. कारखान्यात मला मोठा डोळा दिला. अक्कल द्यायची राहून गेली. बबनरावांच्या बैठकीत आलो, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुताईंनी मला कुंकू लावलं, डोक्यावर विणलेला रुमाल घातला. एवढा मान मिळाल्यावर कोणीही स्वतःला विद्वान समजतो. मीही समजलो.

त्यांची मुलगी समीक्षा कॉलेजात होती. अधूनमधून ती लहान पोरीसारखी बोलायची, बोरं मागायची. नंतर तिला त्यातलं काही आठवत नसे. यवतमाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका माणसात अनेक जण राहावेत, तसा हा आजार आहे. बहुतेकदा लहानपणीच्या मोठ्या भीतीतून येतो. बोलत बोलत हळूहळू उतार पडेल. येत राहा."

'हळूहळू' घरात कोणाला पटलं नाही. सगळे माझ्याकडे वळले.

मी सगळ्या मुलखांतले असे आजारी दाखवले. अमेरिकेच्या सिनेमात असा माणूस कुऱ्हाड घेऊन माळ्यावर बसलेला. दक्षिणेकडच्या सिनेमात बाई केस सोडून डोळे फिरवते. कोरियाच्या मालिकेत हा आजार देखण्या श्रीमंतालाच होतो, आणि प्रत्येक रूपाला नवा कोट मिळतो. हिंदी मालिकेत तर शेवटी मांत्रिकच लागतो.

इंदुताईंनी विळी लपवली. शेजारच्या रुपीबाई रोज येऊन बसू लागल्या. एक डोळा माझ्यावर, एक समीक्षावर.

एका संध्याकाळी समीक्षा लहान झाली. भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेतले. "मले अंधारात नको ठेवू," एवढंच म्हणाली.

रुपीबाई हिरमुसल्या. "हे काय वो इंदुताई? ना केस सोडले, ना डोळे फिरवले! पोरगी नाटक करून राह्यली."

"मलेबी तसंच वाटते," माझा आवाज वाढवत बबनराव म्हणाले. "टीव्हीत असं नसते. आता यवतमाळले जायाचं काम नाही."

"बाबा, मले अजून एकदा तरी न्या ना डॉक्टरकडे," समीक्षा दुसऱ्या दिवशी म्हणाली.

"कायले? धडधाकट तर हायेस!"

विळी जागेवर आली. पोरगी कोणाला कापत नाही, म्हणजे आजारी नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण कोणाचं दुखणं मला विचारू नका, ज्याचं त्याला विचारा.

आता बैठकीत मोठा टीव्ही आला आहे आणि मी कोठीत पडलो आहे. पाहुणे आले की समीक्षालाही इथेच बसवतात. कोठीत बल्ब नाही. ती हळूच बोरं मागते.

नव्या टीव्हीचा आवाज चांगला मोठा आहे.