मावशींच्या फुल्या

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत तंत्रज्ञ मावशींचं राज्य होतं. डॉक्टरसुद्धा दारावर टकटक करून आत येत, कारण छातीवर फिरवायचा प्रोब कसा धरायचा हे ते याच खोलीत, मावशींची बोलणी खात शिकले होते.

ठकू या खोलीत पहिल्यांदा आली ती शाळकरी वयात, हृदयाची झडप शस्त्रक्रियेने दुरुस्त झाल्यावर. पलंगावर लाकडी बाहुलीसारखी ताठ पडून राहिली, म्हणून मावशींनी तिला ठकू म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. झडप नीट झाली होती, पण हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, जरा रुंदच राहिली होती. ती आणखी रुंदावत नाही ना, हे बघायला ठकू दरवर्षी यायची. आता तिची स्वतःची बेकरी होती, बेकरीत राबणारा नवरा होता आणि सातवा महिना लागला होता. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, धमनीच्या भिंती सैलावतात. त्यामुळे वर्षाची फेरी महिन्यावर आली होती.

"किती हा उशीर!" मावशी म्हणाल्या.

"तुमच्या जावईबापूंना विचारा. गाडी अशी चालवली की मागून मुंगी आली आणि पुढे निघून गेली."

"खड्डे होते," नवरा म्हणाला. "आणि मावशी, हिला जरा सांगा. परवा पिठाचं पोतं उचललं हिने."

"अर्धं होतं."

"अर्ध्या पोत्यात काय कापूस भरतात?"

"ठकू," मावशी म्हणाल्या, "डाव्या कुशीवर हो आणि तोंड मिट. तुझी हजेरी नंतर घेते."

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांच्या बोटावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. पडद्यावर ज्या कोपऱ्यात आकडा उमटतो, तिथे त्यांनी तो चिकटवून टाकला.

"हे काय?"

"आजपासून सगळ्यांची मापं अशी घ्यायची. आकडा झाकून. आधीचा आकडा डोक्यात असला की हात नकळत तिकडेच जातो. माझाही जातो."

"माझा जात नाही," मावशी म्हणाल्या.

"मग पट्टीने तुमचं काही बिघडणार नाही."

ठकू खुदकन हसली. मावशींनी तिच्या छातीवर जेल जरा जास्तच थापलं.

डॉक्टर नवऱ्याकडे वळले. "दिवस गेल्यापासून प्रत्येक वेळी धमनी एक्केचाळीस मिलिमीटर होती. तेवढीच असेल तर खुशाल घरी जा. दोन-तीनने वाढली असेल तर मात्र आजच भरती करायचं, आणि बाळाला वेळेआधी बाहेर काढायचं."

नवऱ्याने मान हलवली. खुर्ची रिकामी असूनही तो उभाच राहिला.

पडद्यावर करड्या रंगाची धमनी उघडझाप करत होती. मावशींनी चित्र थांबवलं, एका भिंतीवर एक फुली ठेवली, समोरच्या भिंतीवर दुसरी; मधलं अंतर म्हणजे धमनीची रुंदी. पुन्हा नवं चित्र, पुन्हा दोन फुल्या. असं तीनदा झालं. मग डॉक्टरांनी पट्टी काढली.

तिन्ही वेळा चव्वेचाळीस.



"मावशी, तोंड असं का झालंय?" ठकूने विचारलं. "पाव करपला का?"

डॉक्टरांनी आकडा सांगितला. वॉर्डात खाट बघायला सांगतो, म्हणाले. नवरा आता बसला. ठकूने पोटावर हात ठेवला.

मावशींना गेल्या महिन्यातली एक फुली आठवली. पलीकडची भिंत त्या दिवशी धूसर दिसत होती. फुली जरा बाहेर ठेवावी की आत, असं क्षणभर झालं होतं. बाहेर ठेवली तर आकडा वर चढत होता. आत ठेवली, आणि ओळखीचा एक्केचाळीस आल्यावर किती बरं वाटलं होतं! आता गप्प बसणं सोपं होतं. मावशींचा हात चुकतो असं आजवर या इमारतीत कोणी म्हटलं नव्हतं.

"अरे, थांब," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना रुग्णांसमोर 'अरे' म्हणायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम होता. "मागची चित्रं काढ. मी ती परत मोजते, आकडा झाकून. मग तू मोज, माझ्या फुल्या न बघता."

"का?"

"कारण मी हिच्यावर माया करते, आणि फुल्याही मायेनेच ठेवल्या असाव्यात."

दोघांनी मोजलं. दिवस गेले तेव्हाची चित्रं, गेल्या महिन्यातली चित्रं. मावशींचे आकडे त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस. डॉक्टरांचेही तेच.

"म्हणजे वाढलेली नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "एखाद्या मिलिमीटरचा फरक मोजण्यातच होतो. ती आधीपासूनच एवढी होती."

"म्हणजे मी घरी जाऊ?"

"जायचं. पण चव्वेचाळीस म्हणजे एक्केचाळीस नव्हे. रक्तदाबाची गोळी वाढवतो. रक्तदाब रोज बघायचा, फेरी तीन आठवड्यांनी, बाळंतपण इथेच, मी हजर असताना. आणि पोतं अर्धंसुद्धा नाही."

"पाव पोतंही नाही," नवरा म्हणाला.

ठकू उठून बसली आणि मावशींकडे बघत राहिली. मावशी प्रोब पुसत होत्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"मावशी, लोक वय कमी सांगतात. तुम्ही माझी धमनी कमी सांगितलीत?"

"सांगितली," मावशी म्हणाल्या. "रागाव माझ्यावर. तुझा हक्क आहे."

"रागावणारच आहे. पण रक्तदाब वाढवायचा नाही म्हणतात ना, तेव्हा बाळंतपणानंतर."

"यापुढे तुला मी मोजणार नाही. हा मोजेल."

"मोजू दे. पण तुम्ही खोलीतून जायचं नाही. नाहीतर मी परत ताठ पडून राहीन."

तीन आठवड्यांनी डॉक्टर यंत्रासमोर बसले आणि मावशी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, ठकूचा हात धरून. इथून पडदा दिसत नव्हता. इतक्या वर्षांत ही खोली त्यांनी या बाजूने पाहिलीच नव्हती.

"भिंत धूसर असेल तर—" त्या म्हणाल्या.

"मावशी, गप्प."

"मी काही बोललेच नाही."

"श्वास रोख," डॉक्टरांनी ठकूला सांगितलं. फुल्या ठेवल्याचे बारीक आवाज आले. मग पट्टी निघाल्याचा आवाज.

"चव्वेचाळीस. जिथल्या तिथे."

मावशींच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की ठकूने मान वळवून पाहिलं.

"अहो, मी रोखायचा होता," ती म्हणाली. "तुम्ही नव्हे."