याकूबने हात वर केला होता

ओल्या काळ्या मातीवर रुईची गाठ गाडीतून खाली टाकावी, तसा आवाज याकूबच्या डाव्या पायातून निघायचा. भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू त्या पायाला लागला, की आधी तो घुमा, पोटातून आल्यासारखा आवाज. आणि मग भाद्रपदातल्या राखाडी उजेडात तो चेंडू पलीकडच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांहूनही उंच चढत जायचा. याकूब त्याकडे पाहतही नसे. तो तोवर वाकून पोटरीला चिकटलेला चिखल बोटाने निपटून काढत असे. शेतातून परतलेला माणूस दारात पाय धुतो, तितक्या निवांतपणे.

तो आमच्या फुटबॉल संघाचा बॅक होता, गोलच्या पुढे उभा राहून अडवणारा. गोल करणाऱ्यांची नावं यवतमाळच्या पानठेल्यांवर सगळ्यांना पाठ असत. न झालेला गोल कोणाच्या लक्षात राहतो? याकूबची सारी कारकीर्द अशा न घडलेल्या गोष्टींची बनलेली होती. गावाने त्याची एकच संध्याकाळ लक्षात ठेवली, आणि तीही खोटी. त्या खोटेपणाचा कर्ता मी आहे. मी त्या संघाचा कॅप्टन होतो.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी तो आमच्यात आला. पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या एका मोटार गॅरेजात तो काम करायचा. नखांत काळं ग्रीस, कानामागे अर्धी विडी, आणि उन्हाने तांबूस झालेले केस. मी शाळेत मास्तर होतो, म्हणून तोही मला मास्तरच म्हणे, मात्र अरे-तुरेने. समोरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन अंगावर आला की याकूब दोन्ही हात पसरून हसायचा. "या पाव्हनं, या. बॉल तं भेटन नाही, चाय सांगतो." पाहुणा त्या हसण्याकडे पाही, आणि तेवढ्यात चेंडू त्याच्या पायातून नाहीसा झालेला असे. धसमुसळेपणा नाही, आरडाओरड नाही. मांजर भिंतीवरून उतरावं तसा तो चेंडूवर उतरायचा. आर्णीला, पांढरकवड्याला आम्ही ट्रकच्या पाठीवर बसून खेळायला जात असू. याकूब मात्र पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसायचा. त्याची नजर रस्त्यावर नसायची, ड्रायव्हरच्या डाव्या पायावर असायची. ट्रक चालवायचा, हैदराबादचा रस्ता पकडायचा, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. एका व्यापाऱ्याने दिवाळीनंतर गाडी हातात देण्याचा शब्दही दिला होता.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. पावसाळा सरत आला होता, नागपूरकडचा तगडा संघ आला होता आणि शील्डचा शेवटचा सामना होता. मध्यंतरानंतर आम्ही एका गोलने पुढे होतो. त्यांचा एक आडदांड गडी घसरत याकूबवर आला. याकूबचा डावा पाय चिखलात रुतलेला होता. अंग फिरलं, पाय फिरला नाही. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज मी ऐकला. मी जवळ होतो. इतर कोणी ऐकला नसेल.

याकूब खाली बसला आणि त्याने पंचाकडे पाहून हात वर केला.

त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे. एक बाहेर गेला की दहांनी खेळायचं. म्हणून जखमी गड्याला दूर कडेला, चेंडू फारसा येणार नाही अशा जागी उभं करून ठेवण्याची रीत होती. मी तेवढंही केलं नाही. मी धावत गेलो आणि त्याचा तो वर गेलेला हात धरून खाली ओढला.

"मास्तर, मले बाहेर जाऊ दे. गुडघा गेला."

"थोडाच वेळ राह्यला. इथंच उभा राह्य फक्त. तुले पाहूनच भेतात ते."

"उभंच राहवत नाही ना बे!"

"तू गेला तं दहाच उरतो आपण. शील्ड गेली समज."

तेवढ्यात कडेच्या गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ओ याकूबमिया, खाट आणू काय?" हशा उसळला. याकूबने त्या हशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या बगलेत हात घालून त्याला उभं केलं. लोकांना वाटलं, कॅप्टन बाहेर जा म्हणून विनवतो आहे आणि पठ्ठ्या ऐकत नाही. टाळ्या पडल्या.

त्यानंतर चेंडू दोनदा त्याच्याकडे आला, आणि दोन्ही वेळा त्याने तो डाव्या पायानेच उडवला. उजवा उचलावा तर अंगाचा भार कोण सोसणार? तो रुईच्या गाठीचा आवाज मात्र आला नाही. त्याच्या तोंडून दुसराच एक आवाज आला, तो मी इथे लिहिणार नाही.

आम्ही जिंकलो. गावाने त्याला खांद्यावर उचललं. खांद्यावर असल्यामुळे त्याला चालावं लागलं नाही, आणि त्याला चालता येत नाही हे कोणाला कळलं नाही.

पुढे सत्कार झाला. याकूब पहिल्या रांगेत, समोरच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला होता. मी भाषणाला उभा राहिलो. गुडघ्याची बातमी तोवर पसरली होती. तो कसा गेला, असं कोणीतरी विचारणारच होतं, आणि विचारण्याआधीच मी उत्तर देऊन टाकलं. मी म्हणालो, "मी याकूबला हात जोडले, बाहेर जा म्हणालो. तो म्हणाला, मास्तर, जीव गेला तरी मैदान सोडणार नाही." टाळ्यांनी मांडव हलला. याकूब माझ्याकडे बघत राहिला. आपला सदरा परक्याच्या अंगावर दिसावा, तसा.

दिवाळीनंतर व्यापाऱ्याने गाडी दारात आणून उभी केली. मी तिथे होतो. याकूब वर चढला. चढला म्हणजे हातांनी स्वतःला वर ओढून घेतलं. क्लच दाबायला त्याने दोन्ही हातांनी आपली डावी मांडी उचलली आणि पॅडलवर ठेवली. पाय तिथे नुसता पडून राहिला. हात सोडून स्टिअरिंग धरावं तर पाय सरके, पाय धरावा तर स्टिअरिंग सुटे. बराच वेळ तो तसा झगडत होता. मग व्यापारी हळूच म्हणाला, "राहू दे बेटा."

राहूच दिलं त्याने. आर्णी रोडला पंक्चरचं दुकान टाकलं आणि उरलेलं आयुष्य जमिनीलगत बसून काढलं. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्यांची चाकं त्याने बसल्या जागी दुरुस्त केली. मी मात्र चढत गेलो, मुख्याध्यापक झालो. दरवर्षी बक्षीस समारंभात ती गोष्ट सांगत गेलो, आणि तिच्या जोरावर तापाने फणफणलेल्या पोरांना कवायतीत उभं केलं. "याकूब बघा!" असं ओरडलो त्यांच्यावर. आज तो ओरडा आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि या वयात हात तेवढा जोरही धरत नाही.

एकदा माझी सायकल घेऊन त्याच्याकडे गेलो. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "मास्तर, एक सांग. मी बाहेर जातो म्हनलं होतं ना?"

"हो."

"मंग लोकाइले काहून नाही सांगत?"

"लोक किती मानतात तुला, याकूब."

तेव्हा त्याने वर पाहिलं. "मले कायले मानते? तुह्या त्या दुसऱ्या याकूबले मानते. त्याले गुडघा नाही, त्याले लेकरं नाही, त्याले टरक चालवाचा नव्हता. मी भेलो होतो मास्तर. मी हात वर केलता. तेवढं तरी माह्यं माह्यापाशी राहू दे."

मी सांगीन म्हणालो. सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. आता मैदानाच्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवलं आहे, डावा पाय पुढे, छाती फुगवलेली, आणि खाली माझं ते भाषणातलं वाक्य त्याच्या नावाने. उद्घाटनाला मीच हवा म्हणून क्रीडा मंडळाची तरुण मुलं घरी आली. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, आता कशाला हे? चांगली गोष्ट आहे. पोरांना प्रेरणा मिळते."

चांगली गोष्ट! एका माणसाचा पाय खाल्ला आम्ही, वरून त्याची जीभही खाल्ली, आणि ढेकर दिला त्याला प्रेरणा म्हणायचं? जिद्द, त्याग, निष्ठा हे शब्द या गावात नेहमी दुसऱ्याच्या गुडघ्यावर उभे राहतात. ज्यांनी खाट आणू काय म्हणून हसून घेतलं, त्यांचीच नातवंडं त्या चित्रापुढे हात जोडणार आहेत. मी उद्घाटनाला गेलो नाही. ही दोन पानं मात्र लिहिली आहेत. ज्याला भिंतीवर काही लिहायचंच असेल, त्याने एवढं लिहावं, की याकूबने हात वर केला होता.

संध्याकाळी मी कधी त्या बाजूने जातो. सूर्य जिनिंगच्या मागे उतरतो, भिंतीवरचा रंग चकाकतो आणि तो तिथे दोन्ही पायांवर ताठ उभा असतो; पावसात उभा, वैशाखाच्या उन्हात उभा, बसायची मुभा नसलेला. त्याला पाहून मला त्याची आठवण येत नाही, माझीच येते. काळाने एवढ्या वर्षांत त्या सामन्यातलं सगळं जपलं, फक्त एक वर गेलेला हात पुसला, आणि त्यालाच आम्ही स्मरण म्हणत आलो. ती भिंत पुसून टाका. मैदानाच्या त्या टोकाला दुसरं काही रंगवू नका, कोणाला उभं करू नका, जागा मोकळी दिसू द्या. गेलेल्या माणसाला आठवायचं असेल, तर आधी त्याला जाऊ द्यावं लागतं.