गजावरची खूण

मित्रांनो, बैठकीच्या खोलीतल्या निळ्या पडद्याची काठी समजून तुमच्यासारख्या मुलांनी मला कितीदा तरी हिसके दिले असतील. पण मी पडद्याची काठी नव्हे. मी ठासणीच्या बंदुकीचा जुना गज आहे. आणि त्या पडद्याची गोष्ट निघाली, की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

एका सुताराने चिवट, सरळ लाकूड निवडून मला तासलं, तेलात मुरवलं आणि टोकाला पितळेची टोपी चढवली. माझे मालक घड्याळं दुरुस्त करत. रविवारी मात्र ते नेमबाजीच्या मैदानावर शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रिकाम्या नळीत तळापर्यंत सोडलं आणि नळीच्या तोंडाशी माझ्या अंगावर चाकूने एक खूण कोरली. खूण तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, वर राहिली तर आत बार आहे! प्रत्येक शिष्याला ते बजावत, “बंदुकीवर विश्वास ठेवू नका. माझ्यावर तर मुळीच ठेवू नका. आधी गजाला विचारा!”

मित्रांनो, काय ते दिवस होते! नळीत आधी काळी दारू पडायची, मग तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोळी. ती मी ठासून खाली न्यायचो. धूर असा निघायचा, की नेम लागला की चुकला ते कळायलाही वेळ लागे. घरी आल्यावर मास्तर चहाच्या आधी बंदूक धुवायला घेत. त्यांची लेक किटलीतून कढत पाणी ओतायची आणि चिंधी गुंडाळून मी नळीत खालीवर व्हायचो. पाणी काळं यायचं, मग करडं, मग नितळ. शेवटी तेलाचा हात. ही घाण रात्रभर राहिली तर नळी गंजलीच म्हणून समजा. मैदानावर लोक म्हणत, नळी असावी तर मास्तरांच्या बंदुकीसारखी. ते ऐकून मी लाकडाचा असूनही फुगायचो.

मग एका रविवारी शेवटचा बार भरून झाला आणि मास्तरांच्या छातीत कळ आली. त्यांना दवाखान्यात नेलं. कुणीतरी बंदूक वरवर पुसून घरी पोचवली. पुढे मास्तरांची खाट खिडकीशी आली. डोळ्यांवर ऊन येतं म्हणून त्यांच्या बायकोने मला उचललं आणि कड्या ओवून पडदा टांगला. “नाहीतरी तुम्हाला आता मैदानावर कोण जाऊ देतंय!” त्या म्हणाल्या. बंदूक समोरच्या भिंतीवर गेली. मास्तर बरे झाले. न धुता बंदूक ठेवणं त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळे ती धुतलेली आणि रिकामी आहे, अशी त्यांची पक्की खात्री होती.

मला खरं ठाऊक होतं. पण गजाला वाचा कुठली? येईल तो पाहुणा बंदूक खांद्याला लावी, एक डोळा मिटी, आणि मी पडदा पांघरून बघत राही. लोक लाज झाकायला पडदा लावतात. मला त्या पडद्याचीच लाज वाटे.

एका संध्याकाळी शेजारी चहाला आले. मास्तरांना हुरूप आला. त्यांनी बंदूक काढली, घोडा मागे ओढून त्याखाली दारूला ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी बसवली आणि नळी पडद्याकडे वळवली. “घाबरू नका, नुसती टोपी वाजेल. फट्!”

“बाबा, आधी गज,” लेक म्हणाली.

“मला शिकवतेस?”

“तुम्हीच शिकवलंत. तुमच्यावर तर मुळीच विश्वास ठेवायचा नाही.”

शेजारी हसले. मास्तरांनी चिडून टोपी काढली, घोडा उतरवला. “घे! कर तुझं समाधान!”

लेक खुर्चीवर चढली आणि तिने मला ओढून काढलं. पडदा खाली पडला. खिडकीपलीकडे मास्तरांची बायको कुंड्यांना पाणी घालत उभी होती.

मी नळीत उतरलो. गंज अंगाला खरवडत गेला आणि मी मध्येच अडलो. खूण दोन बोटं वर राहिली.

मास्तर कधी खुणेकडे बघत, कधी खिडकीकडे. “अहो, चहा गार होतोय की,” बाहेरून बायको म्हणाली. मास्तरांनी बंदूक अलगद खाली ठेवली. आयुष्यात प्रथमच मला वाटलं, आपण खोटे ठरलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टोकाला स्क्रू लावून त्यांनी गोळी उपसली आणि नळी धुतली. पाणी शेवटपर्यंत तांबडंच येत राहिलं. गंजाने नळी आतून खाऊन टाकली होती. आता मास्तर नव्या शिष्यांना ही गोष्ट स्वतः सांगतात आणि सांगताना त्यांची मान वर होत नाही.

म्हणून मित्रांनो, बंदुकीला तुम्ही हात लावूच नका. आणि कोणी कितीही छातीठोकपणे “रिकामी आहे” म्हणालं, अगदी तुमचे मास्तर म्हणाले, तरी म्हणा, “आधी गज!” मला पुन्हा बंदुकीखालची माझी जागा मिळाली आहे. बाईंनी पडद्यासाठी नवी काठी आणली होती, पण खिडकी उघडीच आहे. मास्तर पडदा लावू देत नाहीत.