हेमलॉकवरच्या दोन काठ्या

"मिस्टर नीमी, हेमलॉकवरचा माणूस खाली कसा उतरला?"

हा प्रश्न भर वर्गात विचारायची पैज माझ्या मैत्रिणी टेस आणि ज्युनीने लावली होती. मागच्या वर्षीची मी असते तर तोंडही उघडलं नसतं. पण यंदा मी अकरावीत आहे, स्वतःच्या चार काठ्यांची मालकीण आहे, आणि मला कुणाची भीती वाटत नाही. विचारलं.

शाळेतल्या सगळ्यांना तो हेमलॉकचा वृक्ष माहीत आहे. दलदलीच्या कडेला उभा आहे आणि त्याला दोनच काठ्या लावलेल्या आहेत. काठी म्हणजे हातभर लांब ॲल्युमिनियमची दांडी, तिला दोन्ही बाजूंना पायऱ्या. हरणांच्या शिकारीला जाताना एकावर एक अशा चार झाडाला बांधत वर जायचं, आणि उतरताना वरची आधी काढत खाली यायचं. मग हेमलॉकवर खालच्या दोन गायब आणि वरच्या दोन जागेवर कशा? त्या तर दोन पुरुष उंचीवर सुरू होतात! आम्ही त्यावर कितीतरी विनोद केलेत.

मिस्टर नीमी शिकार क्लबच्या शेडमध्ये आम्हाला झाडावरची सुरक्षितता शिकवतात. ते दोराची गाठ दाखवत होते. त्यांचे हात थांबले.

"नाही उतरला," ते म्हणाले आणि पुन्हा गाठ मारायला लागले. त्यांना ती काही जमेना.

मागे टेस फिस्सकन हसली. मी हसले नाही.

घरी येताना पिकअपमध्ये बाबांना विचारलं, तर त्यांनी रेडिओ बंद केला.

"लाइल राउटिओ. ऑरवल नीमीचा जिवलग मित्र. अकरा वर्षं झाली. लाइल वर बसलेला असताना ऑरवलने गंमत म्हणून खालच्या दोन काठ्या काढून नेल्या. तासाभराने त्याच्यासाठी कॉफी घेऊन परत गेला. वर त्याचं सॅडल, कमरेला बांधून बसायचं ते पट्ट्यांचं आसन, लोंबकळत होतं. बकल लावलेलं, दोर ताणलेला. आत कुणी नाही."

"पडला असेल."

"खाली काही नव्हतं. दोन आठवडे शोधलं, कुत्री आणली. ऑरवलने त्याच संध्याकाळी त्या दोन काठ्या तळ्यात फेकल्या. तेव्हापासून तो त्या झाडाखाली गेलेला नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तूही जाणार नाहीस. आयली, ऐकतेयस ना?"

ऐकत होते. आमचं ठरलं होतं: मी तीनदा एकटीने शिकारीला नीट जाऊन आले, तर पुढे कायम एकटीने जायची मोकळीक. नाहीतर अख्खा सीझन बाबा शेजारच्या झाडावर बसून खोकत राहणार. दोन वेळा झाल्या होत्या. तिसरी शनिवारी होती.

शनिवारी दुपारी निघाले तेव्हा धुकं होतं. चारही काठ्या एकमेकींत बसवून पाठीला आवळल्या होत्या. जिथे धातूला धातू लागेल तिथे चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण एकदा जरी खण्ण झालं तरी हरणं दुपारभर फिरकत नाहीत. मी मांजरीसारखी चालले. खरंच, इतकी छान चालले की स्वतःवरच खूश होते. आणि हरणांची सगळ्यात ताजी वाट नेमकी दलदलीकडे जात होती. त्याला मी काय करू?

हेमलॉकपासून साठ पावलांवरचा मेपल मी धरला. हेमलॉकच्या खाली थोडीच गेले होते मी?

पहिली काठी छातीच्या उंचीवर. दोर झाडाभोवती फिरवायचा, खुंटीला आवळायचा आणि काठी खाली हिसडून बसवायची, म्हणजे तिचे दात सालीत रुततात. बाकीच्या तीन सॅडलला अडकवलेल्या. कमरेचा दोर झाडाभोवती सरकवत चढायचं. दुसरी, तिसरी, चौथी. एकही आवाज नाही! वर जाऊन सॅडलमध्ये मागे रेलले, धनुष्य दोरीने वर ओढून घेतलं आणि वाट बघत बसले.

वारा नव्हता. पक्षीही नव्हते, हे जरा उशिरा लक्षात आलं.

मग करकर ऐकू आली. वजन आल्यावर पट्टा करकरतो, तशी. मी आधी माझ्याच काठ्या बघितल्या. पण माझ्या काठ्यांना पट्टे नाहीतच, दोर आहेत. पट्टे आहेत ते हेमलॉकवरच्या काठ्यांना.

मान वळवली. हेमलॉकच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून धुक्याने साचलेले थेंब गळले. मग तिच्या खालच्या पायरीवरून. मग तिच्याही खालच्या. प्रत्येक वेळी करकर. थेंब एक-एक पायरी उतरत शेवटच्या पायरीपर्यंत आले आणि थांबले.

त्या पायरीखाली साल घासून गुळगुळीत झालेला एक पट्टा आहे. आम्ही नेहमी म्हणायचो, साळिंदराने कुरतडलंय. आता तिथून सालीचा बारीक भुगा झरायला लागला. थोडा डावीकडून. थोडा उजवीकडून. बुटाचं टोक खालची पायरी चाचपडतंय, तसा.

भुगा थांबला. करकर पुन्हा वर गेली, पायरीपायरीने, अगदी दमल्यासारखी. आणि पुन्हा खाली आली.

किती वेळा झालं ते मोजलं नाही. मला उतरायचं होतं. चौथी काढली, तिसरी काढली. दुसरी काढताना ती पहिलीवर आपटली.

खण्ण.

हेमलॉकवरची करकर एकदम बंद पडली.

आणि मग सुरू झाली ती घाईघाईने. धडधडत थेट शेवटच्या पायरीपर्यंत. साल मुठीमुठीने खाली पडू लागली. इथे कुणाकडे तरी काठ्या आहेत, हे त्याला कळलं होतं.

पहिलीही हिसकून काढली आणि मी पळाले. काठ्या आणि धनुष्य छातीशी धरून, खणखणत, पिकअपपर्यंत.

घरी आई ओव्हनमधून मांस भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्टी काढत होती. बाबांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, चेहराभर हसू. "काय मग? तिसरी फेरी झाली! नीट झाली ना?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी संपलं असतं. पूर्ण सीझन माझा एकटीचा.

"नाही झाली," मी म्हणाले. "मी हेमलॉकजवळ बसले होते. बंदी मोडली. मोकळीक रद्द करा, मी भांडणार नाही."

आईने ट्रे तसाच हातात धरला. बाबा काही बोलायला लागले. मी त्यांना बोलू दिलं नाही.

"पण उद्या उजाडल्यावर मी तिथे परत जाणार आहे. माझ्या दोन काठ्या लाइलच्या दोन काठ्यांखाली लावणार आहे, आणि तिथेच ठेवून येणार आहे. उरलेल्या दोनवर यंदा मला कुठलंच झाड चढता येणार नाही, ठाऊक आहे मला. बाबा, तुम्ही मिस्टर नीमींना फोन करा. त्यांनाही यावं लागेल. पहिली काठी त्यांनी लावायची, दुसरी मी लावेन."